भेगेतलं पांढरं कोणाचं? जीवाणूंचं काँक्रीट आणि आगीनंतरची तराई

जळालेल्या स्लॅबला तीन-चार आठवडे नीट पाणी मारलं, म्हणजे तराई केली, की खालच्या बारीक भेगांमध्ये पांढरट रेघ धरते. जीवाणू घातलेल्या काँक्रीटला उन्हाळ्यात गेलेली भेग पावसाळ्यात बुजली, तर तिथेही पांढरटच रेघ दिसते. बघणाऱ्याला दोन्ही सारख्या, आणि दोन्हींना सरसकट ‘सेल्फ-हीलिंग’ म्हटलं जातं. नागपूरजवळ बुटीबोरीत कारखाना किंवा कळमन्याकडे गोदाम बांधायचं ठरलं की ‘ते आपोआप भरणारं काँक्रीट घ्या, आग लागली तरी सावरेल’ असा सल्ला यातूनच निघतो. त्यातलं ‘आपोआप भरणारं’ बरोबर आहे, ‘आग लागली तरी’ हे चूक. आगीनंतर काँक्रीट सावरतं ते निराळ्याच कारणानं. त्यासाठी पाणी लागतं, वेळ लागतो आणि आधीपासून योग्य सिमेंट लागतं. जीवाणूंचा तिथे संबंध नाही.

जीवाणू काय करतात, आणि कुठवर

नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या तांत्रिक विद्यापीठात हेंक योंकर्स यांनी विकसित केलेली पद्धत आज सर्वांत परिचित आहे. बॅसिलस कुळातले, अल्कली सहन करणारे जीवाणू घ्यायचे. कोरडे पडले की ते स्वतःभोवती जाड कवच करून बीजाणू होतात. काँक्रीटच्या आत पीएच, म्हणजे अल्कलीपणाचं माप, १२-१३ असतो. तिथे साधा जीव टिकत नाही, पण बीजाणू झोपून राहतो. त्याच्यासोबत खाद्य म्हणून कॅल्शियम लॅक्टेट द्यायचं, आणि दोन्ही गोष्टी फुगवलेल्या भाजक्या मातीच्या १ ते ४ मिलिमीटरच्या गोळ्यांत भरून त्या गोळ्या मालात टाकायच्या. बीजाणू थेट सिमेंटात कालवले तर काही महिन्यांत बहुतेक संपतात. सिमेंट पक्कं होत जातं तशी त्यातली छिद्रं आवळतात, बीजाणूच्या आकारापेक्षा, म्हणजे जेमतेम १ मायक्रॉनपेक्षा, लहान होतात आणि तो चेंगरतो.

भेग पडली की गोळी फुटते. पाणी आणि हवा आत शिरली की बीजाणू जागे होतात, लॅक्टेट खातात आणि कॅल्शियम कार्बोनेट तयार करतात, म्हणजे आपली चुनखडीच. खाताना निघालेला कार्बन डायऑक्साइड शेजारच्या सिमेंटमधल्या चुन्याला भेटतो आणि आणखी चुनखडी होते. विर्जिनी विक्टर आणि योंकर्स यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात १०० दिवस पाण्यात ठेवलेल्या नमुन्यांत ०.४६ मिमी रुंदीपर्यंतच्या भेगा बुजल्या. जीवाणू नसलेल्या नमुन्यांत ०.१८ मिमीपर्यंतच्या बुजल्या. हा दुसरा आकडा लोक विसरतात. साधं काँक्रीटही स्वतःहून थोडं भरतंच. न मुरलेलं, म्हणजे पाण्याशी संयोग व्हायचं राहिलेलं, सिमेंट पाणी मिळताच मुरतं आणि विरघळलेला चुना भेगेत येऊन चुनखडी होतो.

बुजलेली भेग म्हणजे परत आलेली ताकद असं मात्र समजू नये. चुनखडीचा हा थर पाणी अडवतो, सळईला गंजण्यापासून वाचवतो. भार पेलण्यात त्याचा वाटा फारसा नसतो. गिट्टीच्या जागी हलक्या मातीच्या गोळ्या आल्या की काँक्रीटची मूळ ताकदही घटते, आणि ते मिश्रण ठरवतानाच धरावं लागतं.

नागपूरच्या मे महिन्यानं या जीवाणूंचं काही बिघडत नाही. ४५-४६ अंशांत गच्चीचा वरचा थर ६० च्या घरात गेला तरी बीजाणू झोपलेलेच राहतात. त्यांना खोळंबा होतो तो पाण्याचा. उन्हाळ्यात गेलेली भेग जूनपर्यंत तशीच वाट बघते.

आग ही दुसरीच गोष्ट. प्रमाणित आगीच्या आयएसओ ८३४ आलेखात भट्टीचं तापमान ३० मिनिटांत ८४२, तासाभरात ९४५ आणि दोन तासांत १०४९ अंश सेल्सिअस धरलेलं आहे. जीवाणू मारायला इतकं लागतच नाही. दवाखान्यातली उपकरणं निर्जंतुक करताना दाबाखालची १२१ अंशांची वाफ १५ मिनिटं पुरते. घरचा कुकर जवळपास तितकाच तापतो. कोरड्या उष्णतेनं १६० अंशांवर दोन तास लागतात. काँक्रीट तापलं की त्याच्या छिद्रांत अडकलेलं पाणी दाबाखाली वाफ होतं, म्हणजे प्रत्येक गोळीभोवती एक छोटा कुकरच. तासाभराच्या प्रमाणित आगीत स्लॅबच्या तळापासून ५० मिमी आत तापमान साधारण २०० ते ३०० च्या दरम्यान पोचतं. तिथवरचे बीजाणू गेले आणि लॅक्टेटही जळालं. १५० मिमीच्या स्लॅबमध्ये वरच्या थरातले काही कदाचित वाचतील, पण आगीच्या भेगा तळाशी, कव्हरमध्ये, म्हणजे सळई झाकणाऱ्या काँक्रीटच्या थरात असतात. जिथे काम आहे तिथे कामगार उरत नाही.

गंमत म्हणजे त्या मातीच्या गोळ्यांना काही होत नाही. त्या मुळातच हजाराच्या वर तापमानाला फुगवलेल्या असतात. घर शाबूत, भाडेकरू गेलेले. त्यात या गोळ्या पाणी धरून असतील तर आगीत उलटा त्रास. वाफेचा दाब वाढतो आणि कव्हरचे पोपडे फटाक्यासारखे उडतात. युरोपीय बांधकाम संकेतानुसार काँक्रीटमधला ओलावा वजनाच्या ३ टक्क्यांच्या आत असेल तर असं उडणं सहसा होत नाही; त्याहून जास्त असेल तर विचार करावा लागतो. उच्च ताकदीच्या काँक्रीटमध्ये घनमीटरला २ किलो पॉलिप्रॉपिलीनचे तंतू टाकतात ते याचसाठी. १६०-१७० अंशांना ते वितळतात आणि वाफेला वाट करून देतात.

जळालेलं सिमेंट आणि कळीचा चुना

आता दुसरी गोष्ट, आगीनंतरचं सावरणं. इथे जरा थांबून समजून घ्यायला हवं, कारण सगळा घोळ याच टप्प्यात होतो.

सिमेंट मुरताना मुख्यतः दोन पदार्थ होतात. एक सी-एस-एच, म्हणजे कॅल्शियम सिलिकेट हायड्रेटचा गर. काँक्रीटची ताकद त्याच्यावर. दुसरा कॅल्शियम हायड्रॉक्साइड, म्हणजे विझवलेला चुना. साध्या पोर्टलंड (ओपीसी) सिमेंटच्या मुरलेल्या मसाल्यात हा चुना एक-पंचमांशाच्या आसपास असतो. काँक्रीट तापू लागलं की १०० अंशांच्या पुढे सुटं पाणी निघून जातं आणि गरातलं पाणीही हळूहळू सुटायला लागतं. ४०० ते ५०० दरम्यान चुन्यातलं पाणी उडतं आणि मागे कळीचा चुना उरतो. रेतीतला क्वार्ट्‌झ ५७३ अंशांना एकदम फुगतो. ६०० नंतर चुनखडी फुटू लागते. ७००-८०० च्या पुढे सी-एस-एचचा गर उरतच नाही, त्याचे पाणी नसलेले सिलिकेट होतात.

म्हणजे आगीनं काँक्रीटच्या आत एक चुनाभट्टी लावली. आणि कळीच्या चुन्यावर पाणी पडलं की काय होतं ते ज्यांनी जुनी घरं चुन्यानं रंगवताना पाहिली त्यांना सांगायला नको. फसफसतो, तापतो, फुगतो. एक मोल विझवलेला चुना साधारण ३३ घन सेंटिमीटर जागा घेतो, कळीचा १७. आगीत तो निम्मा झाला आणि पाणी मिळताच पुन्हा दुप्पट होऊ पाहतो. दरम्यान काँक्रीट थंड होऊन आखडलेलं असतं. त्यामुळे ५०० अंशांच्या वर गेलेला नमुना भट्टीतून काढताना धड दिसतो आणि पुढच्या काही दिवसांत, हवेतला ओलावा शोषूनच, नव्या भेगा दाखवतो. ताकदही घसरत राहते. आग विझली त्या दिवशी ठोकून पाहिलेल्या स्लॅबवर विश्वास ठेवता येत नाही, तो यामुळे.

सावरणंही त्याच पाण्यानं होतं. पाणी गेलेले सिलिकेट पुन्हा पाणी घेतात आणि नवा सी-एस-एच गर तयार होतो. हाँगकाँग पॉलिटेक्निक विद्यापीठात पून आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये याचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. सामान्य आणि उच्च ताकदीची २० मिश्रणं, ८०० अंशांपर्यंत तापवलेली, नैसर्गिकपणे थंड केलेली, मग एकूण ५६ दिवस पाण्यात आणि नियंत्रित हवेत ठेवलेली. एका मिश्रणात मूळ, न जळालेल्या ताकदीच्या ९३ टक्के ताकद परत आली. सूक्ष्मदर्शकाखाली नव्या गराचे कण मूळपेक्षा बारीक दिसले आणि आगीनं केलेल्या आतल्या भेगा व छिद्रं त्यांनी भरली होती. वरच्या भेगांची रुंदीही कमी झाली.

९३ हा एका मिश्रणाचा आकडा आहे, सगळ्यांचा नाही. पण फरक पाहा. जीवाणू भेगेचं तोंड बुजवतात. आगीनंतरची तराई आतल्या मसाल्यातच गर परत आणते, म्हणून ताकदीचा आकडा हलतो. उलट रुंद भेगेपुढे ती हतबल आहे. ०.१ मिमीच्या आतलं जाळं चांगलं सावरतं, ०.२ च्या पुढे भरवसा नाही आणि सुटलेलं कव्हर तर कुठल्याही पाण्यानं परत चिकटत नाही.

आपल्याकडची गिट्टी, रेती, राख

कोराडी आणि खापरखेड्याच्या औष्णिक केंद्रांची राख हाताशी असल्यामुळे आपल्याकडे राख मिसळलेल्या पीपीसी सिमेंटची कामं बरीच होतात. भारतीय मानक आयएस १४८९ प्रमाणे पीपीसीत १५ ते ३५ टक्के राख असू शकते. ही राख चुना खाऊन सी-एस-एच बनवते. परिणामी आगीत कळीचा चुना होण्यासाठी मुळात चुनाच कमी उरतो आणि नंतर फुगून फाटण्याचा धोकाही कमी. राख किंवा स्लॅगची (लोखंडाच्या भट्टीतल्या मळीची) मिश्रणं आगीनंतर बहुधा जास्त चांगली सावरतात, ती याच हिशेबानं. अट एकच: राखेला चुना खायला वेळ मिळालेला असावा. २८ दिवसांच्या पीपीसीवर केलेली चाचणी ९० दिवसांच्या पीपीसीबद्दल फारसं सांगत नाही.

गिट्टी काळ्या ट्रॅपची, म्हणजे बेसाल्टची. तिच्यात क्वार्ट्‌झ नगण्य, त्यामुळे ५७३ चा धक्का गिट्टीकडून बसत नाही. कन्हान नदीची रेती मात्र क्वार्ट्‌झचीच. म्हणून युरोपीय संकेतातले सिलिकायुक्त काँक्रीटचे आकडे, ४०० अंशांवर ७५ टक्के, ६०० वर ४५, ८०० वर १५ टक्के ताकद, हे आपल्या काँक्रीटला अंदाजापुरते घ्यावेत. ते गरम असतानाचे आहेत, थंड झाल्यावर ताकद आणखी थोडी घटते. पुस्तकांतला ‘३०० ते ६०० दरम्यान काँक्रीट गुलाबी होतं’ हा नियमही इथे जपून वापरावा. गुलाबी छटा रेती-सिमेंटच्या भागात शोधायची, काळ्या गिट्टीत ती मिळणार नाही.

पांढरं ओळखायचं कसं

भेगेतली पांढरी रेघ बोटानं पुसून पाहा. पिठासारखी निघाली तर तो बहुधा ताजा विझलेला चुना. नखानं खरवडली तरी चिकटून राहिली तर चुनखडी असण्याची शक्यता जास्त. मग १० टक्क्यांच्या आसपासच्या विरळ हायड्रोक्लोरिक आम्लाचा एक थेंब, हातमोजे घालून. चुनखडी असेल तर फसफसून बुडबुडे येतात. चुना बुडबुड्यांशिवाय विरघळतो. थेंब टाकण्याआधी वरचा थर खरवडा, कारण चुना हवेत राहिला की आठवड्याभरात वरून चुनखडी होतोच. आणि थेंब गिट्टीवर पडू देऊ नका. ट्रॅपच्या पोकळ्यांत निसर्गतःच कॅल्साइटचे पांढरे ठिपके असतात, तेही फसफसतात आणि निष्कर्ष बिघडवतात.

फिनॉल्फ्थॅलिन, म्हणजे अल्कली दाखवणारं द्रावण, फवारून गुलाबी आलं म्हणजे काँक्रीट जळलेलं नाही, ही एक नेहमीची चूक. द्रावणातलं पाणी मिळताच कळीचा चुना विझतो आणि तोही गुलाबीच दाखवतो. जळालेल्या कोरवर, म्हणजे काँक्रीटमधून कापून काढलेल्या दंडगोल नमुन्यावर, गुलाबी रंग फक्त एवढंच सांगतो की तिथे अल्कली आहे.

आम्लाची चाचणी चुना की चुनखडी हे सांगते. चुनखडी जीवाणूंची की हवेतल्या कार्बन डायऑक्साइडची, हे ती सांगू शकत नाही. त्यासाठी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो. जीवाणूंच्या चुनखडीच्या स्फटिकांवर कधीकधी मायक्रॉनभर रुंद, काडीसारखे ठसे दिसतात. जीव तिथे होता आणि त्याच्याभोवती स्फटिक वाढला, याची खूण.

प्रयोगशाळेत श्रेय कोणाला

‘जीवाणूयुक्त काँक्रीट आगीनंतर सावरलं’ असा निष्कर्ष वाचला की आधी नियंत्रण नमुने बघावेत. बहुतेक गडबड तिथे सापडते. तापवलेल्या कुठल्याही काँक्रीटला पाण्यात ठेवलं की ते थोडं सावरणारच. त्या सावरण्यातून जीवाणूंचा वाटा वेगळा काढायचा तर किमान चार गट हवेत: एक, साधं काँक्रीट हवाबंद पिशवीत; दोन, साधं काँक्रीट पाण्यात; तीन, जीवाणू आणि खाद्य घातलेलं, पाण्यात; आणि चौथा, ज्यात तेवढंच खाद्य आहे पण बीजाणू आधीच ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाच्या वाफेच्या यंत्रात, मारलेले आहेत. हा चौथा गट नसेल तर निष्कर्षावर फार भार देऊ नये. लॅक्टेट स्वतःच सिमेंटच्या मुरण्यावर परिणाम करतं.

तापवण्याची रीतही ठरलेली असावी. १०० मिमीचे क्यूब, पीपीसी असेल तर ९० दिवस मुरवलेले. आधी १०५ अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत सुकवायचे, नाहीतर भट्टीत फुटतात आणि भट्टीचंही नुकसान होतं. मिनिटाला १ ते ५ अंशांनी तापवायचं, ठरलेल्या तापमानावर दोन तास ठेवायचं, भट्टी बंद करून आतच थंड होऊ द्यायचं. गरम क्यूब पाण्यात टाकला तर तापमानाच्या धक्क्यानं नव्या भेगा पडतात आणि सावरणं मोजायचं की नुकसान, तेच कळेनासं होतं. ताकद थंड झाल्यावर लगेच, ७ दिवसांनी, २८ आणि ५६ दिवसांनी मोजावी. ‘लगेच’ आणि ‘७ दिवस’ यांमधली घसरण म्हणजे कळीच्या चुन्याचं फुगणं. ती न मोजता थेट ‘२८ दिवसांत इतकी सुधारणा’ असं लिहिलं तर कुठल्या पायापासून सुधारणा, ते समजत नाही.

जीवाणूंना आगीच्या कामात जागा आहे ती दुसऱ्या बाजूनं: आग विझल्यावर, काँक्रीट थंड झाल्यावर, ताजे जीवाणू आणि खाद्य बाहेरून फवारायचं किंवा भेगेत सोडायचं. तेव्हा ते जिवंत असतात आणि तराईनं न भरणाऱ्या थोड्या रुंद भेगांचं तोंड बुजवू शकतात. ही कल्पना तर्काला धरून आहे, पण तिला ‘आगीत टिकणारं काँक्रीट’ म्हणू नये.

साइटवर

आग विझवायला शिकवणारं राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आपल्या नागपुरातच आहे. विझल्यानंतरचा प्रश्न मात्र बांधकामवाल्यांच्या गळ्यात येतो. पहिलं काम टेकू लावणं. स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या परवानगीशिवाय जळालेल्या स्लॅबखाली कोणी जाऊ नये. मग हातोडीनं ठोकून खण आवाज येतो की भद्द, ते खडूनं मार्क करायचं. भद्द वाजणारा आणि राखाडी-पांढरट झालेला भाग सळईपर्यंत काढून टाकायचा. तो तराईनं वाचत नाही. सळईचे तुकडे कापून तपासायला द्यायचे. टीएमटी सळईचं बाहेरचं कडक कवच ५००-६०० च्या वर नरम पडतं आणि ते पाणी मारल्यानं परत येत नाही.

उरलेल्या भागाचे कोर काढायचे, आयएस ५१६ प्रमाणे, जळालेल्या आणि न जळालेल्या अशा दोन्ही ठिकाणचे. अल्ट्रासोनिक पल्सचा वेगही दोन्ही ठिकाणी मोजायचा. त्यानंतर तराई. मे महिन्यात हवेतला ओलावा दुपारी २० टक्क्यांच्या खाली जातो, तेव्हा दिवसातून दोनदा पाइपनं पाणी मारणं म्हणजे काहीच न करणं. स्लॅबच्या खालच्या बाजूला ओला बारदाना तारेनं ताणून बांधायचा, त्यावर पॉलिथीन, आणि दर तीन-चार तासांनी बारदाना ओला होतो की नाही ते बघायला एक माणूस. पहिले दोन दिवस फक्त तुषार, नंतर सलग ओलावा, किमान २८ दिवस. तराईत खंड पडला तर चुना विझत राहतो, पण गर नीट तयार होत नाही. म्हणजे नुकसान पूर्ण, फायदा अर्धा. २८ दिवसांनी त्याच जागांवर पल्सचा वेग पुन्हा घ्यायचा आणि शेजारून नवे कोर काढायचे. त्या आकड्यांवर मग जॅकेटिंग, म्हणजे जुन्या काँक्रीटभोवतीचं नवं वेष्टण, किती जाड, ते ठरतं.

नव्या कामाच्या निविदेत या दोन गोष्टी दोन वेगळ्या कलमांत लिहाव्यात. पाण्याच्या टाकीसाठी, तळघरासाठी जीवाणूयुक्त काँक्रीट मागायचं असेल तर भेगेची रुंदी, बुजण्याचे दिवस आणि गळती मोजण्याची पद्धत लिहा. आगीसाठी आयएस ४५६ मधलं कव्हर लिहा: दोन तासांसाठी साध्या टेकूवरच्या स्लॅबला ३५ मिमी, सलग स्लॅबला २५, साध्या टेकूवरच्या बीमला ४०, सलग बीमला ३०. सोबत सिमेंटचा प्रकार आणि ओलाव्याची मर्यादा. ‘सेल्फ-हीलिंग, फायर रेझिस्टंट काँक्रीट’ अशी एकच ओळ लिहिली तर पुरवठादार त्यातलं जे सोपं आहे तेवढंच देईल, आणि बिलात दोन्ही लिहील.